पोळ्यांची वही

ड्युटी संपवून निघालेल्या सिस्टरनं नव्यानं आलेल्या सिस्टरला सगळा वॉर्ड समजावून द्यायचा, याला आम्ही नर्सेस ‘ओव्हर’ म्हणतो. उल्हासनगरच्या एका हॉस्पिटलात मी बावीस वर्षं ओव्हर दिली आणि घेतली. सहा नंबरचं सलाइन, नऊ नंबरचा ताप, कुणाला सुट्टी, कुणाचं ऑपरेशन. दहा मिनिटांत सगळा वॉर्ड एकीच्या डोक्यातून दुसरीच्या डोक्यात जायचा. पन्नाशीनंतर गुडघे कुरकुरायला लागले, नाइट सोसेना, तेव्हा बदलापूरच्या पुढे वांगणीच्या बाजूला एका वृद्धाश्रमात इन्चार्ज म्हणून आले. ३१ माणसं. कुणाला सलाइन नाही, कुणाचं ऑपरेशन नाही. गोळ्या वेळेवर दिल्या की झालं, असं मनाशी धरूनच मी पहिल्या दिवशी औषधांच्या कपाटाच्या किल्ल्या घेतल्या.

कपाटात ३१ प्लास्टिकचे डबे होते. माणशी सरासरी सात गोळ्या धरल्या तरी दिवसाला दोनशेच्या वर. थायरॉइडची उपाशीपोटी, चहाच्याही आधी. लघवीची सकाळीच, संध्याकाळी दिली तर आजी रात्रभर उठणार आणि अंधारात कुठेतरी पडणार. पार्किन्सनच्या गोळीला उशीर झाला की आजोबांचे पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात. संधिवाताची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. चुकून रोज गेली तर जिवावर बेतते. त्या स्ट्रिपला मी लाल दोरा बांधला आणि दोऱ्याला ‘बुधवार’ लिहिलेली चिठ्ठी.

औषधं यायची ती नातेवाइकांच्या पिशव्यांतून. मुलगी पुण्याहून पाठवणार, मुलगा परदेशातून ऑनलाइन मागवणार, सून येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणणार. कात्रीनं कापलेल्या स्ट्रिपा, नाव एका तुकड्यावर आणि मुदत दुसऱ्या. एका आजोबांच्या डब्यात बीपीच्या दोन कंपन्यांच्या गोळ्या निघाल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, आतलं औषध एकच, टेल्मिसार्टन. एक जुन्या डॉक्टरांची, दुसरी हॉस्पिटलातून घरी सोडताना लिहून दिलेली. दोन्ही रोज पोटात जात होत्या आणि ‘उठलं की गरगरतं’ ही आजोबांची तक्रार वयाच्या खात्यावर जमा होत होती. डिस्चार्ज कार्डावर काय सुरू करायचं ते लिहितात. काय बंद करायचं, ते बहुतेक वेळा लिहीत नाहीत.

चार महिन्यांत मी हे सगळं ताळ्यावर आणलं. प्रत्येकाचा तक्ता केला, त्यावर फोटो, गोळी दिली की चौकोनात बरोबरची खूण. नर्सिंगला शिकवलेले पाच ‘योग्य’ मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावले: योग्य माणूस, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. संस्थेचे विश्वस्त पाहुण्यांना मुद्दाम माझ्या खोलीत आणून तक्ते दाखवायचे. मलाही ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

आश्रमातले एक काका अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत फिटर होते. निवृत्तीला वीस वर्षं होऊन गेली तरी पहाटे डोळा उघडला की हात उशाजवळच्या घड्याळाकडे जायचा. मधुमेह जुना. सकाळी आणि संध्याकाळी, जेवणाच्या अर्धा तास आधी, इन्सुलिन. स्वभाव असा की घास घशात अडकला तरी ‘पाणी द्या’ म्हणणार नाहीत.

२०१८चा जानेवारी. बदलापूरला त्या दिवसांत पहाटे चांगली थंडी पडते. चार वाजता नाइटचे मामा चहाचा कप घेऊन माझ्याकडे आले. त्या दिवशी सिस्टरची रजा होती म्हणून मी रात्रीला थांबले होते. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि जाता जाता मामा म्हणाले, “काकांचा सदरा दोनदा बदलला सिस्टर. घामानं भिजला होता. ताप उतरला असंल. भोंगा झाला, भोंगा झाला म्हणून उठत होते, म्हटलं झोपा काका.”

जानेवारीत घाम. मी कप तसाच ठेवून धावले. काका डोळे उघडे ठेवून पडले होते, पण मी कोण ते त्यांना कळत नव्हतं. बोट टोचून पाहिलं, साखर ४१. डॉक्टरांना फोन लावला, फोन खांद्यावर धरून शीर शोधली, पंचवीस टक्क्यांचं ग्लुकोज दिलं. थोड्या वेळानं काकांची नजर माझ्यावर स्थिरावली. मला म्हणाले, “भोंगा झाला का हो?” मी म्हटलं, “आज सुट्टी आहे काका.”

सकाळी मी तक्ता काढून बसले. इन्सुलिन कुणी दिलं? मीच. किती? कागदावर लिहिलं तेवढंच. वेळ? सव्वासात. माणूस बरोबर, औषध बरोबर, मार्ग बरोबर. भिंतीवरचे पाचही ‘योग्य’ जागच्या जागी होते आणि माणूस मरता मरता वाचला होता. मग कुठे काय बिघडलं?

उत्तर स्वयंपाकघरात सापडलं, तेही नाश्त्याला किती पोहे भिजवायचे ते सांगायला गेले म्हणून. आमच्या स्वयंपाकीणबाई ओट्याच्या कोपऱ्यावर एक शाळकरी वही ठेवतात, पीठ वाया जाऊ नये म्हणून. त्यात कुणाला किती पोळ्या ते लिहिलेलं असतं. काकांच्या नावापुढे तीन दिवसांपूर्वी ३चा आकडा खोडून २ केला होता. दुसऱ्या दिवशी १. आदल्या रात्री ‘नको, नुसतं वरण’.

मी विचारलं, “हे कुणी सांगितलं?”

“मावशींनी. काकांच्या पोळ्या ताटात उरतात म्हणाल्या. उगाच टाकून द्यायच्या.”

मावशी, म्हणजे काकांना आंघोळ घालणाऱ्या, ताट वाढणाऱ्या आणि उचलणाऱ्या. काकांची कवळी तीन दिवसांपूर्वी मोरीत पडून तुटली होती. चावता येत नव्हतं. काका बोलले नाहीत. मावशींनी पाहिलं, आणि ज्याला सांगायला हवं असं त्यांना वाटलं त्याला सांगितलं. बातमी तर निघाली होती, पण ती ‘जेवण घटलं’ म्हणून न जाता ‘पोळ्या वाया जातात’ म्हणून गेली. औषधांच्या खोलीत न येता पिठाच्या डब्याकडे गेली. त्या तीन दिवसांत काकांच्या औषधाची खरी नोंद माझ्या तक्त्यात नव्हतीच. ती पोळ्यांच्या वहीत होती.

मी जरा चढ्या आवाजात मावशींना विचारलं, “मला का नाही सांगितलंत?”

त्या घाबरल्या, पण बोलल्या. “तुम्ही कधी इचारलं सिस्टर? तुम्ही गोळी घेतली का, एवढंच इचारता.”

त्यावर मला बोलायला तोंड नव्हतं. आमची ओव्हर व्हायची औषधांच्या खोलीत, दोन सिस्टरांमध्ये. मावश्या आणि मामा दाराबाहेर व्हरांड्यात उभे राहायचे, हाक मारली की आत यायचे. हाक मारायची ती बहुतेक रागवायला. आमच्याकडे नियमही तसाच होता. औषधात चूक झाली की अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा. चुका त्यानं कमी झाल्या नव्हत्या, फक्त दिसेनाशा झाल्या होत्या. गादी उन्हात टाकताना उशीच्या अभ्र्यातून गोळ्या पडायच्या आणि मुकाट केरात जायच्या. गोळी थुंकली असं सांगितलं तर ‘तुमचं लक्ष कुठे होतं’ हे ऐकून घ्यावं लागायचं. त्यापेक्षा केराची टोपली बरी. माझ्या खुणाही कुठे सोवळ्या होत्या? गर्दीच्या वेळी ट्रे भरतानाच मी चौकोन भरून टाकायची. ती खूण गोळी ट्रेमध्ये ठेवल्याची होती. ती घशाखाली उतरल्याचं तिला कुठून माहीत असणार?

आमच्याकडे आठवड्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुम्हीच एकट्या नाही.” इंग्लंडमध्ये ५५ निवासी केंद्रांतल्या २५६ वृद्धांची पाहणी झाली होती, २००९ साली ती छापून आली. माणशी सरासरी आठ औषधं. आणि दर दहांतल्या सुमारे सात जणांच्या औषधात लिहिताना, देताना किंवा तपासताना एखादी तरी चूक सापडली. कारणांत कामाचा बोजा होता, गोळ्या वाटताना मध्येच येणाऱ्या हाका होत्या आणि डॉक्टर, औषधवाला आणि केंद्र यांचा एकमेकांशी नसलेला मेळ होता. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी गंभीर इजा पाच वर्षांत निम्म्यावर आणायची मोहीम जाहीर केली, तीही त्यांनीच सांगितली. साहेबांच्या देशातही हेच, हे ऐकून बरं वाटायला नको होतं; पण वाटलं.

मग आम्ही फार काही केलं नाही. खुर्च्या वाढवल्या. ओव्हरला मावश्या, मामा आणि स्वयंपाकीणबाई आत येऊन बसायला लागल्या. पहिले काही दिवस त्या खुर्चीच्या कडेवर टेकून बसायच्या, बोलावलं की उठून उभ्या राहायच्या. मी तीनच प्रश्न ठरवले. किती खाल्लं? लघवी-संडास कशी? काल नव्हतं असं आज काय दिसलं? तिसऱ्या प्रश्नाला पंधरा दिवस ‘काही नाही’ हेच उत्तर मिळालं. पगारकपात थांबवायला विश्वस्तांपुढे दोनदा गेले. पहिल्यांदा ‘धाक राहणार नाही’ म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांदा मी उशीच्या अभ्र्यातल्या गोळ्या एका बाटलीत भरून घेऊन गेले आणि टेबलावर ओतल्या.

लिहिण्याचा प्रश्न होता. आमच्या दोन मावशींना अक्षरओळख नाही. टक्केवारी, ग्रॅम हे तर कुणालाच नको. पण पोळीचं माप प्रत्येकीला येतं. कागदावर पोळ्यांचे गोल काढले: अख्खी, पाऊण, अर्धी, चतकोर आणि रिकामं ताट. ताट उचललं की त्या गोलाला पेन्सिलीनं रेघ. इन्सुलिन भरण्याआधी मी तो कागद बघायचा, आणि आज जेवणार का, हे काकांना विचारायचं. चतकोराच्या खाली रेघ असेल तर आधी साखर तपासायची, मग डॉक्टरांना फोन, मग सुई. या कागदानं उपवासही उघडे पाडले. इथल्या जुन्या माणसांना श्रावणी सोमवार सोडवत नाही. साखरेची गोळी घेणाऱ्या दोन आज्या गुपचूप कडक उपास करत होत्या आणि ताट शेजारणीच्या ताटात रिकामं करत होत्या. गोळी मात्र नियमानं घ्यायच्या, सिस्टर रागावतील म्हणून.

ऐकायला बसलो तरी ऐकू येतंच असं नाही, हे मला अम्मांनी शिकवलं. अम्मा उल्हासनगरच्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं, १९४९ साली त्या छावणीचं उल्हासनगर झालं. अम्मा तेव्हा लहान मुलगी होत्या, बराकीत वाढल्या. पुढे हिंदी बोलायच्या, बाजारापुरतं मराठीही. स्मृती जायला लागली तशी शेवटी आलेली भाषा आधी गेली. हातात उरली ती फक्त सिंधी.

एका ओव्हरला मावशी म्हणाल्या, “अम्मा दोन रात्री ‘सूर आहे, सूर आहे’ म्हणतायत. मी मोबाइलवर भजन लावून दिलं. तरी रडतात.” आम्ही सगळ्या हसलो. अम्मांना गाणं आवडायचंच. रविवारी त्यांची सून आली, दारातच ऐकून थबकली. सिंधीत ‘सूर’ म्हणजे वेदना. आणि ‘आहे’ म्हणजे आपलंच ‘आहे’. दोन्ही शब्द जसेच्या तसे मराठी, म्हणून आम्हाला विचारावंसंही वाटलं नाही. अगदीच परकी भाषा असती तर कुणीतरी अर्थ विचारला असता. पायांच्या जळजळीसाठी दहा दिवसांपूर्वी एक नवी गोळी सुरू झाली होती. तिनं पोट बांधलं जातं. पाच दिवस संडास झाली नव्हती आणि पोट दगडासारखं झालं होतं. संडासच्या कागदावर पाच दिवस फुली होती. ‘सूर’ वेगळ्या ओळीवर, फुली वेगळ्या ओळीवर. दोन्ही ओळी एकत्र वाचणं हे माझं काम होतं. डॉक्टरांनी गोळी बदलली. सुनेनं आम्हाला वीसेक सिंधी शब्द देवनागरीत लिहून दिले. पाणी म्हणजे पाणीच. पोळी म्हणजे मानी. तो कागद आता पाच ‘योग्य’ होते त्या जागी आहे.

मावश्यांची नजर किती कामाची असते ते आणखी एकदा कळलं. आपल्याकडे इन्सुलिनच्या बाटलीत एका मिलीलिटरला ४० युनिट असतात, तिची सिरिंज लाल टोपीची. पेनात भरायच्या नळीत १०० युनिट. त्या मापाची सिरिंज नारिंगी टोपीची. एका नातेवाइकानं चुकून नारिंगी टोपीच्या सिरिंजा आणल्या. बदलीवर आलेल्या सिस्टरनं त्यात बाटलीतलं औषध २०च्या खुणेपर्यंत भरलं. म्हणजे देहात जाणार होतं ८ युनिट, पाहिजे त्याच्या निम्म्याहून कमी. उलट घोटाळा झाला, म्हणजे १०० मापाचं औषध लाल टोपीत भरलं, तर अडीचपट जातं. ज्या मावशींना आकडा वाचता येत नाही त्या शेजारी ताट घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, “आज लाल टोपी नाही का?” बस, एवढंच. वर्षभरापूर्वी त्या हे बोलल्या नसत्या. बोलल्या असत्या तर कुणी ऐकलं नसतं.

२०१९च्या जुलैची २६ आणि २७ तारीख बदलापूरकर विसरणार नाहीत. उल्हास नदी फुगली, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. लोकल बंद, रस्ता बंद. मी अंबरनाथला घरी अडकले. दिवसपाळीचं कुणीच पोचलं नाही. रात्रीची सिस्टर, दोन मावश्या आणि मामा यांनी पुढचे तीस-पस्तीस तास आश्रम रेटला. वीज नव्हती, फ्रिज बंद. इन्सुलिन ओल्या फडक्यानं गुंडाळलेल्या माठात ठेवायला सांगितलं. मोबाइलची बॅटरी वाचवायची म्हणून दिवसातून तीनदा दोन-दोन मिनिटांची ओव्हर. सिस्टर खोल्यांतून फिरत होती, त्यामुळे फोन मावशींच्या हातात. त्या एका दमात सांगायच्या, “काका अर्धी. अम्मा मानी चतकोर, सूर नाही. सात नंबरच्या आजी रिकामं ताट, पण बिस्कीट खाल्लं.” मी अंबरनाथच्या खिडकीत बसून वहीत गोल काढत होते. बावीस वर्षांत इतकी नेमकी ओव्हर मला कुणी दिली नव्हती.

यावरून सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. मावश्या ब्युरोकडून येतात, दोन-तीन महिन्यांत दुसरीकडे चार पैसे जास्त मिळाले की जातात. त्यांचं काही चुकत नाही. शिकवलेलं त्यांच्याबरोबर जातं. सिस्टर मिळत नाहीत. गर्दीच्या सकाळी माझा हात अजूनही खूण आधीच करायला जातो आणि मी तो मागे घेते. गोळ्या वाटताना दर दोन मिनिटांना कुणीतरी हाक मारतंच. काका गेले, दीड वर्षापूर्वी, झोपेत; त्या रात्री साखर ठीक होती, मी तपासली होती. त्यांच्या नावापुढचा पोळ्यांचा आकडा स्वयंपाकीणबाईंनी खोडला नाही. पान भरलं तेव्हा नव्या पानावर ते नाव आपोआप आलं नाही, एवढंच.

गेल्या सोमवारी एक नवी मावशी आली, विशीतली, मुरबाडकडची. ओव्हरला दाराशी उभी राहिली. आत या, बसा म्हटलं तर कडेवर टेकली. तिन्ही प्रश्न झाले. तिसऱ्याला ती म्हणाली, “काही नाही, सिस्टर.” मी वही मिटायला लागले. तेवढ्यात ती हळूच म्हणाली, “फक्त...”

मी पेनचं टोपण पुन्हा काढलं.